झोपेची गोळी रात्रीची, गुंगी सकाळची

कऱ्हाडच्या पेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. सकाळी शटर वर गेलं की पहिल्या तासाभरात एक तरी गिऱ्हाईक हे गाऱ्हाणं घेऊन येतं: "ताई, आईला रात्री झोपेची गोळी देतो, पण सकाळी अकरापर्यंत झापड उतरत नाही. जरा हलकी गोळी द्या ना." सोबत कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा. त्यात दोन गोळ्या शिल्लक, आणि औषधाचं नाव नेमकं कापून गेलेल्या बाजूला.

हलकी म्हणजे काय, हे विचारलं की लोक आकडा दाखवतात. ०.५ची म्हणजे हलकी, १०ची म्हणजे भारी. आईला तर ०.५चीच चालू आहे, मग एवढी गुंगी कशी? हा आकडा मिलिग्रॅमचा. त्यावरून एका औषधाची दुसऱ्याशी तुलना होत नाही, ०.५ क्लोनाझेपाम १० झोल्पिडेमपेक्षा हलकं तर नाहीच, उलट कितीतरी वेळ जास्त अंगात राहतं. सकाळच्या गुंगीचा शोध घ्यायचा असेल तर मिलिग्रॅम बाजूला ठेवून तास मोजायला लागावं.

तास मोजायची रीत सोपी आहे. रक्तातलं औषध निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. तेवढ्या वेळाने अर्धं उरतं, पुन्हा तेवढ्या वेळाने पाव, मग दोन आणे. असे पाच टप्पे झाले की शंभरातले तीन भाग राहतात, तेव्हा औषध गेलं असं धरायला हरकत नाही. झोल्पिडेमचं अर्धायुष्य सुमारे अडीच तास. झोपिक्लोनचं पाच, एस्झोपिक्लोनचं सहा, आणि म्हाताऱ्या माणसात हेच नऊपर्यंत जातं. अल्प्राझोलाम अकरा तासांच्या आसपास, वय झालेल्यांत सोळा. लोराझेपाम बारा. नायट्राझेपाम एक दिवस किंवा थोडं जास्त. क्लोनाझेपाम तीस ते चाळीस तास. डायझेपाम एक ते दोन दिवस, शिवाय यकृतात त्याचं जे दुसरं रूप तयार होतं तेही गुंगी आणणारं आणि त्याहून चिवट. मेलाटोनिन मात्र तासाभराच्या आतच निम्मं होतं. साध्या मेलाटोनिनच्या गोळीमुळे दुपारपर्यंत पेंग येते असं कुणी म्हणालं तर मी दुसरं कारण शोधायला लागते.

हे आकडे सरासरीचे आहेत. माणसामाणसात दुप्पट-तिप्पट फरक पडतो. पण कुठून शोधायला सुरुवात करायची ते यावरून ठरतं.

आमच्याच गल्लीतल्या एका मावशींचं उदाहरण सांगते, कारण त्यात मीही एकदा चुकले. वय ७१, नातेवाईक भरपूर, नवरा जाऊन दीड वर्ष. सून आली ती वैतागूनच. "ताई, सकाळी हाक मारली तर हूं म्हणतात आणि परत डोळे मिटतात. परवा मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकून तोल गेला, कसंबसं धरलं. बीपी लो झालंय म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी देतोय." बीपी मोजलं होतं का? नव्हतं. गोळी क्लोनाझेपाम ०.५, रात्री साडेअकराला, मालिका संपल्यावर.

मी पटकन म्हणाले, "वहिनी, उशिरा देताय. डॉक्टरांना विचारून साडेनऊला द्या." डॉक्टर बरं म्हणाले. आठ दिवसांनी सून परत आली, फरक काडीचा नव्हता.

नसणारच. घरी जाऊन बिलाच्या मागे गणित मांडलं तेव्हा माझ्याच डोक्यात उजेड पडला. वेळ अलीकडे ओढायचा सल्ला झोल्पिडेमसारख्या औषधाला लागू पडतो. रात्री अकराला १० मिलिग्रॅम घेतलं तर सकाळी सहाला ढोबळमानाने दीड मिलिग्रॅम उरतं. तेच रात्री दोनला घेतलं तर सहाला सव्वातीन उरतं, म्हणजे दुपटीहून जास्त. म्हणून तर ही गोळी घेतल्यावर सात-आठ तास अंथरुणात राहता येणार असेल तरच घ्यावी असं कंपनीच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. छत्तीस तासांत निम्म्या होणाऱ्या औषधाला मात्र दोन तास इकडे-तिकडे म्हणजे समुद्रात तांब्याभर पाणी.

उलट क्लोनाझेपामचा प्रश्न साचण्याचा आहे. आज रात्री गोळी घेतली, उद्या रात्री दुसरी घ्यायची वेळ येते तेव्हा पहिलीतलं ६३ टक्के अंगात आहेच. तिसऱ्या रात्री दोघींचं उरलेलं, वर तिसरी. हे वाढत जाऊन साधारण आठवड्याभरात एका पातळीला थांबतं, आणि त्या पातळीला रोज रात्री गोळी घेतल्यानंतर अंगात एक नव्हे, पावणेतीन गोळ्यांइतकं औषध असतं. म्हणूनच लोक म्हणतात, "पहिले चार दिवस छान गेले, मग सुस्ती सुरू झाली," आणि नवीन स्ट्रिप डुप्लिकेट आली म्हणून माझ्याशी भांडतात.

तरीही मावशींचं कोडं यानेही पूर्ण सुटत नव्हतं. साठलेली पातळी एकदा स्थिर झाली की रोजची गुंगीही सारखीच असायला हवी. सुनेचं म्हणणं वेगळं: एखाद्या दिवशी बऱ्या असतात, मंगळवार-बुधवारी अगदीच लोळागोळा. गुंगी अशी वरखाली होत असेल तर औषधाचा डोस वरखाली होतोय, ही माझी दुसरी खूणगाठ.

इथे रजिस्टर कामाला आलं. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की वेगळ्या वहीत रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिली, सगळं लिहायचं. वही तीन वर्षं जपायची. क्लोनाझेपाम त्या यादीत नाही, पण मी तेही त्याच वहीत लिहिते. गिऱ्हाइकांना हे कटकटीचं वाटतं, मलाही वाटायचं. त्या दिवशी पानं उलटली तर दिसलं, मावशींच्या दहा गोळ्या पहिल्या दोन वेळा दहा दिवस पुरल्या होत्या, तिसऱ्या वेळी आठ, मग सात.

संध्याकाळी दुकान बंद करून मावशींच्या घरी चहाला गेले. बोलता बोलता त्यांनी उशीखालून चंची काढली, सुपारी घ्यायला. चंचीत खांडांबरोबर क्लोनाझेपामची तीन अर्धुकं होती, नखाने मोडलेली. मी बघितलं, त्यांनी मी बघताना बघितलं. "अगं, तीनला जाग येते. मग काय करू, भिंतीकडे बघत बसू? अर्धीच घेते. अर्धीने काय होतंय?"

पहाटे तीनची अर्धी हा या सगळ्या तक्रारीतला सगळ्यात नेहमीचा चोर आहे. घरच्यांना ती माहीत नसते, डॉक्टरांना तर नाहीच. म्हणून "रोज कितीला घेता" एवढंच विचारून भागत नाही. "मध्ये जाग आली तर काय करता" हे वेगळं विचारायचं, आणि सून-मुलगा समोर नसताना विचारायचं. लहान अर्धायुष्याच्या गोळीलाही हेच लागू. झोल्पिडेमची तीन वाजताची अर्धी सहाच्या दुधाच्या फेरीला स्कूटरवर तुमच्याबरोबरच बसलेली असते.

मावशींना मी रागावले नाही. चंची मात्र त्यांनी स्वतःच रिकामी करून माझ्या हातावर ठेवली, सुपारी सोडून.

आता बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, मंगळवार-बुधवारची लोळागोळा अवस्था गेली. पण सकाळचं जडपण होतंच. तेव्हा मी सुनेला सांगितलं, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा. सगळी म्हणजे सगळी. बीपीची, ॲसिडिटीची, गुडघ्याची, गेल्या महिन्यातल्या सर्दीची, शेजारणीने दिलेलीसुद्धा. ही पिशवी आधीच मागवायला हवी होती.

पिशवीतून निघालं ते असं. मध्यंतरी छातीत धडधडतं म्हणून मावशींना पुतण्याने सातारला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी "मनाची" गोळी दिली, सकाळी नाश्त्यानंतर. त्या स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: एस्सिटालोप्राम १०, क्लोनाझेपाम ०.५. आपल्याकडे ही जोडगोळी फार चालते. अल्प्राझोलामबरोबर प्रोप्रॅनोलॉल घातलेलीही मिळते. रात्रीच्या डॉक्टरांना सकाळची गोळी माहीत नव्हती, सकाळच्यांना रात्रीची. मावशींच्या लेखी ती एक झोपेची आणि एक मनाची, दोन वेगळी औषधं. अंगाच्या लेखी एकच.

पुन्हा बिलाचा मागचा भाग. रात्री ०.५, सकाळी ०.५, पहाटे अर्धी म्हणजे ०.२५. दिवसाला सव्वा मिलिग्रॅम, छत्तीस तासांनी निम्मं. सरासरी साठा ढोबळ २.७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५च्या पाच गोळ्यांहून जास्त, चोवीस तास. त्यावर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. कॉफी, लिंबू, ताक, थंड पाण्याचा हबका यातल्या कशानेही औषध लवकर बाहेर पडत नाही. कॉफीने डोळे उघडतात, तोल सावरत नाही, आणि पडतो तो तोल जाऊनच.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं: स्ट्रिप कापू नका, किंवा कापलीत तर नावाच्या बाजूचा तुकडा जपा. आणि कंपनीचं नाव वाचू नका, त्याच्याखालचं बारीक नाव वाचा, दोन स्ट्रिपा शेजारी ठेवून.

दुसरी औषधं गोळीला अंगात कोंडून ठेवतात

मावशींच्या बाबतीत एकच औषध दोनदा जात होतं. पण दुसरीही एक तऱ्हा आहे आणि ती आपल्याकडे नायट्यामुळे होते. पावसाळ्यात गजकर्णाची साथच असते म्हणा ना, आणि त्यावर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दोन-दोन, चार-चार आठवडे लिहून दिल्या जातात. अल्प्राझोलाम शरीराबाहेर काढण्याचं काम यकृतातलं जे विकर करतं, त्यालाच इट्राकोनाझोल दाबून टाकतं. मग अल्प्राझोलामचा निचरा इतका मंदावतो की एकूण मात्रा दुपटीहून जास्त झाल्यासारखी होते. कीटोकोनाझोलच्या गोळ्यांचंही तेच. या दोघांबरोबर अल्प्राझोलाम देऊच नये असं अल्प्राझोलामच्या माहितीपत्रकात आहे. टेम्पो चालवणारा एक पोरगा माझ्याकडून दोन्ही घेऊन जाणार होता, दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर, दोन वेगळ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तो कॅप्सूल घ्यायला आला तेव्हा काउंटरवर टेकून जांभया देत होता, कारण पहिल्या चार कॅप्सूल त्याने दुसरीकडून घेतल्या होत्या. त्याला तिथेच बसवून त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. असा फोन डॉक्टरांना आवडत नाही, पण नंतर ते विसरतात.

क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकांचाही असाच त्रास. ॲसिडिटीचं ओमेप्राझोल डायझेपामचा निचरा मंदावतं. पँटोप्राझोलचा तो त्रास जाणवत नाही. लोराझेपाम या भानगडीत फारसं सापडत नाही, त्याचा बाहेर पडायचा रस्ता वेगळा आहे.

मग गुंगीवर गुंगी चढवणारी मंडळी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, ते एकटंच जवळजवळ दिवसभर रेंगाळतं. पायाच्या मुंग्यांसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, कंबरदुखीचं ट्रामाडोल. ट्रामाडोल आणि झोपेची गोळी यांच्या जोडीने श्वासच मंदावू शकतो, तिथे मी थट्टा करत नाही. दारूचं तर विचारूच नका. "एकच पेग घेतो, मग गोळी" असं सांगणारे काका मला अजूनही भेटतात, आणि त्यांना मी गोळी देत नाही.

बायकांच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट. २०१३ साली अमेरिकेच्या औषध खात्याने, म्हणजे तिथल्या एफडीएने (आपला बांद्र्याचा नव्हे) बायकांसाठी झोल्पिडेमचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. १० घेतल्यावर आठ तासांनी गाडी चालवायला धोक्याची मानलेली पातळी पुरुषांत १०० पैकी ३ जणांत सापडली, बायकांत १५ जणींत. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश जातं. तरी सासऱ्यांची १०ची गोळी सासूबाईंना देणारी घरं आहेत. वय झालेल्यांना, बाई असो की बुवा, ५च. लांब असर करणारी, म्हणजे चिठ्ठीवर सीआर लिहिलेली, असेल तर तिचा अर्धा तुकडा करायचा नाही. मोडली की सावकाश सुटायची तिची रचनाच मोडते.

जेवणाचंही जाता जाता. झोल्पिडेम भरल्या पोटी घेतलं तर उशिरा चढतं. दहाला जेवून सव्वादहाला गोळी, अकरापर्यंत झोप नाही म्हणून दुसरी, आणि मग दोन्ही एकदम. गोळी चढत नाही असं वाटलं तर ताटाकडे बघा, दुसऱ्या गोळीकडे नको.

"पण लघवीत सापडेल का?" हे ड्रायव्हर लोक विचारतात, कंपनीत तपासणी असते म्हणून. सापडणं आणि गुंगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. झोल्पिडेमची गुंगी सकाळी उतरलेली असली तरी लघवीत अंश एक-दोन दिवस सापडू शकतो. रोज डायझेपाम घेणाऱ्याचा काही आठवडेही. उलटही खरं आहे: डायझेपामची एकच गोळी घेतली तर ती थोड्या तासांत रक्तातून चरबीत शिरते आणि झोप लवकर उतरते, जरी औषध अंगात दिवसन् दिवस असलं तरी. म्हणून एकदा दाताच्या डॉक्टरकडे घेतलेल्या डायझेपामच्या अनुभवावरून रोजच्या डायझेपामचा अंदाज बांधू नये. तपासणी असेल तर चिठ्ठी खिशात ठेवा आणि आधीच सांगा, लपवालपवी अंगाशी येते.

कारण सापडलं म्हणून आजपासून बंद, असं करू नका

हे मी सगळ्यात जोरात सांगते. मावशींच्या मुलाला हिशोब दाखवला तेव्हा तो म्हणाला, "आजपासून बंद करून टाकतो." चार-सहा महिने रोज चाललेली ही गोळी एकदम तोडली तर हात थरथरणं, घाबरं होणं, रात्र रात्र जागरण आणि क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. लांब टिकणाऱ्या औषधात ही गंमत फसवी असते. पहिले दोन-तीन दिवस साठ्यावर निघतात, सगळं छान वाटतं, "बघा, गरजच नव्हती". चौथ्या-पाचव्या दिवशी फटका बसतो, तेव्हा कुणाला गोळी आठवत नाही. जुनं दुखणं उलटलं म्हणून नवीन डॉक्टर, नवीन गोळी. झोल्पिडेम तोडलं तर तोच फटका पहिल्या-दुसऱ्या रात्रीच दिसतो.

मावशींच्या दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालं. सकाळची जोडगोळी जाऊन नुसतं एस्सिटालोप्राम आलं, रात्रीचं क्लोनाझेपाम आधी जरा वाढवून एकाच वेळेला आणलं आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं उतरवलं. किती आणि कधी हे त्यांनी ठरवलं, मी वही धरली. मधल्या काळात डॉक्टरांनी रक्तातलं सोडियमही तपासायला लावलं. एस्सिटालोप्राम आणि बीपीच्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरवतात आणि त्याचीही अशीच सुस्ती दिसते. मावशींचं ठीक निघालं. जोरात घोरत असतील, मध्येच श्वास अडकत असेल तर तेही सांगायला हवं. तिथे दोष गोळीचा नसून रात्रभर झोपच नीट न होण्याचा असतो, आणि गोळी ते आणखी बिघडवते.

तीन वाजताच्या जागेचं काय? त्यावर डॉक्टरांनी गोळी दिलीच नाही. दुपारची दोन तासांची झोप वीस मिनिटांवर आणली, रात्री साडेनऊऐवजी अकराला आडवं व्हायचं, जाग आली तर अंथरुणात तळमळत न बसता उठून खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत. सकाळी उठायची वेळ मात्र कायम सहा. पहिले पंधरा दिवस मावशींनी सगळ्यांना शिव्या घातल्या.

हाक मारूनही माणूस उठत नसेल, श्वास फार सावकाश चालत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा बोलणं एकदम बोबडं होऊन तोंड वाकडं झालं असेल तर यातलं काहीही मोजत बसू नका. १०८ला फोन करा आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून बरोबर न्या.

परवा मावशी सकाळी साडेनऊला स्वतः चालत दुकानात आल्या, शटर अजून अर्धंच वर होतं. क्लोनाझेपाम ०.२५ची स्ट्रिप घेतली, चिठ्ठी पुढे केली, वहीत मी लिहीपर्यंत स्ट्रिपवरची किंमत डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"गोळी निम्मी झाली ना गं? मग पैसे निम्मे का नाहीत?"